खोडरबरबाईंची मुलगी

स्टुडिओत त्यांना सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे खोडरबर. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. एकदा साहेबांनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकांनी, घाईघाईत तोंडावरच "अहो खोडरबर" अशी हाक मारली. बाईंनी मान वर न करता "बोला, पेन्सिल" असं उत्तर दिलं. साहेब अंगानं काडी होते. त्या दिवशी हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. स्टुडिओत जाहिरातींसाठी बायकांचे फोटो काढले जात आणि बाई ते संगणकावर साफ करत. 'साफ करणं' हा तिथला रोजचा शब्द, भांडी साफ करावीत तसा. गालावरची पुटकुळी, डोळ्यांखालचं काळं, ओठावरची लव, मानेवरची सुरकुती, दंडावरचा लशीचा वण, पोटावरच्या बाळंतपणाच्या रेघा, सगळं साफ. मग कातडी एका रंगाची करायची, तो रंग दोन पायऱ्या उजळ करायचा, कंबर दोन्हीकडून थोडी आत घ्यायची. एवढं झालं की कंपनीचा माणूस खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा, "छान झालंय. फक्त जरा नैसर्गिक दिसू द्या." मग बाई त्या गुळगुळीत गालावर चार-दोन बारीक छिद्रं परत काढून देत. असं बावीस वर्षं चाललं. शहरातल्या चौकाचौकांत ज्या बायका साबण, क्रीम आणि शाम्पू हातात धरून हसत उभ्या होत्या, त्यांतल्या निम्म्या तरी बाईंच्या हाताखालून गेलेल्या होत्या.

कधीमधी एखादी मॉडेल मुलगी स्वतःचा तयार फोटो बघायला खुर्चीपाशी येई. एक अशीच आली होती, जेमतेम विशीतली. बराच वेळ पडद्याकडे बघून ती म्हणाली, "ही माझी बहीण वाटते. माझ्यापेक्षा चांगली." असं म्हणून हसली आणि प्यायला पाणी मागितलं. बाईंनी पाणी दिलं आणि पुढचा फोटो उघडला. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण कुणाचं वाईट तर करत नाही, असलेलं जरा चांगलं करून देतो, एवढाच त्यांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर रोज आठ तास जो हे काम करील, त्याला दुसरं काही वाटायला जागाच उरत नाही.

स्टुडिओचा एक नियम मात्र बाई देवाच्या आज्ञेसारखा पाळत. कंपनीनं फोटो पसंत केला की मूळ फोटो त्याच दिवशी, त्याच बैठकीत नष्ट करायचा. पूर्वी एकदा एका मोठ्या जाहिरातीतल्या बाईचा मूळ फोटो बाहेर फुटला होता आणि मोठं रामायण झालं होतं. तेव्हापासून कुणी न सांगता बाई मूळ फोटो पुसत, संगणकावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी करत आणि मगच चहाला उठत. मूळ ठेवलं की धोका, हे त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं.

घरी त्यांना एक मुलगी होती. नवरा मुलगी चार वर्षांची असताना आजारानं गेला. दोन खोल्यांत या दोघीच राहत आणि तीन गल्ल्या पलीकडे बाईंची धाकटी बहीण. मुलगी जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून तिला टिल्ली म्हणू लागले, ते ती आईपेक्षा डोकंभर उंच झाली तरी टिल्लीच राहिली. टिल्लीच्या डाव्या गालावर जन्मापासून एक मोठा डाग होता, पिकल्या जांभळासारख्या रंगाचा. डॉक्टरांनी सांगितलं, याचा त्रास काही नाही, पण काढायला गेलात तर याहून वाईट वण राहील, तेव्हा हात लावू नका. डॉक्टरांनी लावला नाही. आईनं लावला.

टिल्ली सहा वर्षांची असताना शाळेतून तिचा फोटो आला. बाईंनी तो स्टुडिओत नेला, जेवणाच्या सुट्टीत साफ केला, छान छापून घेतला आणि संध्याकाळी मोठ्या कौतुकानं लेकीच्या हातात ठेवला.

टिल्लीनं फोटो बघितला. "ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच."

"मग हिचा डाग कुठे गेला?"

"मी काढला."

टिल्लीचे डोळे लकाकले. तिनं गाल पुढे केला. "मग माझा पण काढ ना."

बाई हसल्या आणि त्यांनी तिचा मुका घेतला. उजव्या गालाचा घेतला. हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी आठवलं आणि आठवलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

त्यानंतर दर वर्षी एक फोटो साफ होऊन भिंतीवर चढला. सातवं वर्ष, आठवं, नववं, शाळेचं ओळखपत्र, कॉलेजचं ओळखपत्र. एकूण एक फोटोत गाल स्वच्छ. आणि सवयीप्रमाणे प्रत्येक वेळी मूळ फोटो त्याच बैठकीत पुसलेला. पोटच्या पोरीच्या फोटोलाही कंपनीचा नियम लावणारी आई दुसरी कुठे सापडणार नाही. यात वाईट हेतू होता असं कुणी म्हणू नये. बाईंना वाटे, लेकीला मोठेपणी हे फोटो बघून बरं वाटेल. लोकांनी बोट दाखवलेलं तिला आठवू नये, चांगलं तेवढं आठवावं. माया होती ती. पण माया आंधळी असते म्हणतात, ही तर डोळसपणे, भिंग लावून केलेली माया होती.

मोठी झाली तशी टिल्ली घरात केस डाव्या बाजूला मोकळे सोडून वावरू लागली. जेवताना, अभ्यास करताना, आईशी बोलताना, केसांचा पडदा गालावर असायचा. बाईंना वाटे, बिचारीला बाहेर लोक काय काय बोलत असतील, म्हणून सवय झाली असेल. त्या बोलत नसत आणि ती विचारत नसे. फोटो काढायला ती स्वतः पुढे होई, म्हणजे काढणारी तीच. मैत्रिणींच्या सगळ्या फोटोंत सगळ्या असत, टिल्ली तेवढी नसे.

तिला जनावरांचं वेड होतं. गल्लीतली लंगडी मांजरं, खरूज झालेली कुत्री, सगळी तिच्या ओळखीची. बारावी झाली तसं तिनं जनावरांच्या दवाखान्यात काम शिकायचं काढलं. बाई म्हणाल्या, "कुत्री धुवायला मी तुला एवढं शिकवलं का?" त्यांच्या मनात वेगळंच होतं. ज्या क्रीमच्या जाहिराती त्या साफ करत, त्या कंपनीचं एक झकपक दुकान बाजारात उघडणार होतं आणि तिथे मुली हव्या होत्या. चारचौघांत वावर, छान कपडे, थंडगार जागा. बाईंनी टिल्लीला न विचारता तिचा अर्ज भरला. अर्जाला फोटो लावला. कोणता लावला असेल ते सांगायला नको.

बोलावणं आलं. आईचा शब्द मोडवेना म्हणून टिल्ली गेली.

दुपारी स्टुडिओत बाईंना त्या दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. तो ओळखीचा होता आणि हसत होता. "काय हो बाई, फोटो तुम्ही साफ केला होता ना? आम्ही पोरीकडे बघतोय, फोटोकडे बघतोय, काही कळेना. तुमचा हात म्हणजे हात आहे."

बाई फोनवर "हो हो" म्हणाल्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा टिल्ली खिडकीशी बसली होती.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं, जसं काही ठाऊकच नाही.

"त्यांना फोटोतली मुलगी हवी होती," टिल्ली म्हणाली. "मला विचारलं, ती येणार आहे का."

"लोकांना बोलायची रीत नसते. तू मनावर घेऊ नकोस. दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे पण तिलाच पाठवणार ना?"

 बाईंच्या तोंडून निघू नये ते निघालं. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या भल्यासाठीच करते. जग कसं आहे मला माहीत आहे, मी रोज बघते."  टिल्लीनं उठून भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले, सहाव्या वर्षापासून ते कॉलेजपर्यंत, दुकानात लोक वस्तू बघतात तसे, हात मागे बांधून. मग झोपायला गेली. दोन दिवसांनी मंगळवारी सकाळी बाई कामावर गेल्या आणि परत आल्या तेव्हा टिल्लीची पिशवी, बूट आणि टिल्ली नव्हती. फोन बंद होता. चिठ्ठी नव्हती.

बहिणीकडे नाही, मैत्रिणींकडे नाही. बुधवारी बाई बहिणीला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. तिथे एक म्हातारे हवालदार होते, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून लिहिणारे. त्यांनी नाव, वय, उंची विचारली. फोटो मागितला. बाईंनी पर्समधून काढून दिला.

"ओळखीची काही खूण?"

"डाव्या गालावर जन्मखूण आहे. मोठी आहे. कुणालाही लगेच दिसते."

हवालदारांनी चष्मा खाली ओढला, फोटो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला. "बाई, इथे तर काही नाही."

"ते मी काढलंय."

"काढलंय म्हणजे? ऑपरेशन केलं?"

"नाही. फोटोतून."

हवालदारांना राग आला नाही, ते थकल्यासारखे झाले. "अहो, लोक तिला कशावरून ओळखणार? एवढी ठळक खूण तीच नाही. असलेला फोटो आणा. जसा चेहरा आहे तसा. एखादा तरी असेलच ना घरात?"

बाई घरी आल्या आणि त्यांनी घर उलथंपालथं केलं. कपाटं, ट्रंक, पुस्तकांची पानं, जुने फोन. स्टुडिओतला संगणकही धुंडाळला. बहिणीनं आपले डबे-पेट्या उपसल्या. नाही म्हणायला एक सापडला, टिल्ली चार महिन्यांची असतानाचा, दुपट्यात गुंडाळलेली आणि तोंड दुसरीकडे वळवलेलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचा खरा चेहरा त्या घरात कुठेही नव्हता. जगभरच्या बायकांचे मूळ चेहरे ज्या काळजीनं पुसले, त्याच काळजीनं लेकीचाही पुसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. इतके दिवस तिथे चौदा टिल्ल्या हसत होत्या, आणि आता त्यांना कळलं की त्यांत आपली एकही नाही. बाई रडल्या. मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच स्टुडिओत जाऊन बसल्या. ठरवलं, डाग आपणच काढला, आपणच परत बसवू. आपल्याइतकं तो कोण ओळखतं? दर वर्षी चारशे टक्के मोठा करून त्याची कडान्‌कडा पाहिलेली. त्यांनी रंग घेतला आणि हात थांबला. कडा आठवत होत्या, तुकड्या-तुकड्यानं आठवत होत्या. पण अख्खा डाग अख्ख्या चेहऱ्यावर कसा दिसतो, नाकापासून किती दूर, डोळ्याच्या किती खाली, ते आठवेना. पडद्यावर त्यांनी तो कधी पूर्ण बघितलाच नव्हता. आणि घरात समोरासमोर बसलेल्या लेकीकडे बघताना त्यांची नजर वर्षानुवर्षं उजव्या गालावर जाऊन बसायची, तिला वाईट वाटू नये म्हणून. तीनदा रंगवून पाहिला. तिन्ही डाग भलत्याच कुणाचे वाटले.

बहिणीला विचारलं, ती म्हणाली, "इथपासून इथपर्यंत, नाही का?" आणि तिचंही बोट अडखळलं. मग बाई घराच्या जिन्याखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडे गेल्या. हा म्हातारा पंधरा वर्षं तिथे किल्ल्या घासत बसलेला. एकदा पाहिलेला किल्लीचा दाता तो विसरत नसे.

"टिल्लीचा डाग?" त्यानं हातातली कानस खाली ठेवली. रिकाम्या पाकिटाची पाठ घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि एका दमात चेहऱ्याची कड आणि त्यावर डाग काढून दाखवला. "वर रुंद, डोळ्याच्या खाली दोन बोटं सोडून. खाली निमुळता, कानाकडे वळलेला. इथे एक पांढरी फट, तांदळाएवढी. आणि हसली की हा वर चढायचा, मग डोळा मिटल्यासारखा व्हायचा."

बाई बघत राहिल्या. "तुम्हाला एवढं कसं दिसलं? ती तर केस पुढे घ्यायची."

"केस?" चावीवाला म्हणाला. "नाही हो. रोज सकाळी वरून उतरताना केस पुढे असायचे, तेवढं खरं. या शेवटच्या पायरीवर आली की ती केस कानामागे घ्यायची, मला 'काका, येते' म्हणायची आणि जायची. संध्याकाळी परत आली की इथेच उभी राहून केस सोडायची आणि मग वर चढायची."

 इतकी वर्षं बाईंना वाटत होतं, पोरगी जगापासून तोंड लपवते. ती जगात उघड्या तोंडानं फिरत होती. लपवत होती ती फक्त एका माणसापासून. जगानं नव्हे, आईनंच पोरीला तिच्या तोंडाची लाज शिकवली होती, आणि ती लाजही पोरीला वाटत नव्हतीच, पोरगीच आईला सांभाळून घेत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय बोलणार? कुणाला बोलणार?

चावीवाल्याचं पाकीट घेऊन बाई परत स्टुडिओत आल्या. पडद्याच्या कडेला ते चिकटवून त्यांनी पहिल्यांदा उलटं काम केलं. स्वच्छ गालावर डाग उमटवला. छापून चावीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "आकार बरोबर आहे. पण फिका झालाय. तुम्ही हातचं राखून रंगवलाय." बाईंनी परत जाऊन पाहिलं. खरंच, न कळत हातानं दोन पायऱ्या उजळ केला होता. मग त्यांनी दात आवळून तो गडद केला, होता तेवढा, आणि ती तांदळाएवढी फट सोडली. हळूहळू पडद्यावर टिल्ली आली. बाई तिच्याकडे पोटभर बघत राहिल्या. सुंदर होती. हे आधी का नाही दिसलं, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, पण ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. क्रीम कंपनीचा माणूस खुर्चीमागून जाता जाता थबकला आणि सवयीनं म्हणाला, "हा अजून साफ व्हायचाय वाटतं?" बाईंनी मागे वळून त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून निघून गेला.

साहेबांनी स्टुडिओचं मशीन लावून पाचशे पोस्टर छापून दिली. बाई आणि बहीण बस थांब्यांवर, दुकानांच्या दारांवर, दवाखान्यांत, शेजारच्या गावांतसुद्धा जाऊन चिकटवून आल्या. ज्या चौकात बाईंनी साफ केलेली बाई क्रीमची डबी धरून उभी होती, तिच्या पायाशीही एक लावलं. येणारे-जाणारे थांबून टिल्लीचा गाल बघत, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंना ते बघावंसं वाटत होतं. बघा, नीट बघा, लक्षात ठेवा.

अकराव्या दिवशी दुपारी हवालदारांनी बोलावलं. बाई एकट्याच होत्या, तशाच धावत गेल्या.

"बसा," ते म्हणाले. "पोरगी सापडली. सुखरूप आहे. आधी पाणी प्या."

बाईंनी पाणी प्यायलं नाही. "कुठे आहे?"

"दुसऱ्या गावात. जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागलीय, तिथेच राहते. कुणीतरी पोस्टर बघून डागावरून ओळखलं आणि तिथल्या चौकीत सांगितलं. त्यांनी जाऊन चौकशी केली. स्वखुशीनं घर सोडलं असं तिनं लिहून दिलंय. सज्ञान आहे. पत्ता देऊ नका म्हणाली, म्हणून मला देता येत नाही. पण चांगली आहे. तिथले लोक चांगलं बोलतात तिच्याबद्दल."

बाईंनी हात जोडले, मग डोळे पुसले, मग परत हात जोडले. "माझ्याबद्दल काही बोलली?"

हवालदारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि परत खाली घेतला. समोरचा कागद उगाच सरळ केला.

"काय आहे ते सांगा," बाई म्हणाल्या.

"तिला पोस्टर दाखवलं त्यांनी. बराच वेळ बघत होती म्हणे. मग विचारलं, हे कुणी लावलं? ते म्हणाले, तुझ्या आईनं. तर म्हणाली, नाही, आईनं नसेल. आईकडे माझा असा फोटोच नाही. आई शोधत असती तर तिनं डाग नसलेला लावला असता." हवालदारांनी पाण्याचा पेला बाईंपुढे सरकवला. "मावशीनं लावलं असेल म्हणाली. मावशीला सांगा, मी बरी आहे, काळजी करू नको."

"तुम्ही सांगितलं नाहीत की मीच..."

"मी नव्हतो हो तिथे. मलाही हे फोनवरच कळलं. तुम्ही चिठ्ठी लिहून द्या, मी पाठवतो. घेईल की नाही, वाचेल की नाही, ते मी नाही सांगू शकत."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी पेन हातात घेतलं. काय लिहायचं? तो फोटो मीच केला, हे लिहायचं म्हणजे तोही खरा नव्हता, तोही मी बनवलेलाच, हे लिहावं लागणार.  मग कागद तसाच परत केला, उद्या लिहून आणते म्हणाल्या, आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. तिथून त्यांनी बहिणीला फोन लावला.

"सापडली," त्या म्हणाल्या. "बरी आहे. तुला निरोप आहे, काळजी करू नको म्हणून."

पलीकडे बहीण रडायला लागली. रडतारडताच तिनं विचारलं, "आणि ताई, तुला काय सांगितलंय?"

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.